पाइप गळतो की रॅक गळते?

गाडीखाली लालसर तेल दिसलं की नागपुरात एकच निदान होतं: "रॅक गेली भाऊ, बदलाच लागते." तेही गाडी उचलायच्या आधीच. रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा, गाडीखालचा आडवा भाग. मीही एकदा असल्या निदानावर भरवसा ठेवला आणि मे महिन्यात, पारा 45 वर असताना, अंगणात ताडपत्री बांधून जुन्या इनोव्हाची रॅक स्वतःच्या हातानं बदलली. तिसऱ्या दिवशी बघतो तर नवी कोरी रॅक तेलानं न्हालेली. गळत होता पाइप. तेव्हापासून हा घोळ कुणी घातला की माझं डोकं फिरतं.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या स्टिअरिंगचे भाग असे: इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप, तेलाचा डबा, रॅककडे जाणारा दाबाचा पाइप आणि परतीचा पाइप. स्विफ्ट, वॅगन आर वाल्यांनी पुढं वाचायची गरज नाही. त्यांचं स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालतं, त्यात तेलच नसतं. खाली टपकतंय ते एसीचं पाणी तर नाही ना, एवढं बघा. परतीचा पाइप गळत असेल तर ती किरकोळ बाब आहे. त्यात फारसा दाब नसतो, रबर कडक झालेलं असतं किंवा क्लॅम्प सैल झालेला असतो. पंपाचं सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, गेलं तर तेल पट्ट्याच्या बाजूला दिसतं, त्यातही फारसं फसायला होत नाही.

फसायला होतं ते दाबाच्या पाइपात.

हा पाइप अर्धा रबरी, अर्धा लोखंडी. जिथं रबर लोखंडाला धरून दाबलेलं असतं, तो त्याचा दुबळा सांधा. टायरमध्ये हवेचा दाब साधारण 2 बार असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून धरलं की या पाइपात 70-80 बारपर्यंत जातो. वर्षानुवर्षं इंजिनाची आणि आपल्या उन्हाळ्याची धग खाल्लेलं रबर मग सांध्यापाशी झिरपायला लागतं. झिरपलेलं तेल तिथं थांबत नाही. ते लोखंडी नळीवरून घरंगळत थेट रॅकवर येतं, कारण नळी रॅकलाच जोडलेली असते. रॅक तर खालच्या अंगाला आडवी पडलेली, त्यामुळे थेंब तिच्यावरूनच पडतो. 2023 च्या सप्टेंबरात नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला आणि बुडाल्या त्या खालच्या वस्त्या. इथंही तेच आहे. वस्ती भिजली म्हणून वस्ती फुटली, असं कोणी म्हणत नाही. रॅकच्या बाबतीत मात्र सगळे बिनधास्त म्हणतात.

आता बूट. रॅकच्या दोन्ही टोकांना घड्यांचे रबरी बूट असतात. लोकांना वाटतं, हे बूट तेल अडवतात. अजिबात नाही. बूट धूळ आणि चिखल अडवतो, तेल अडवायचं काम रॅकच्या आतल्या सीलचं. म्हणून "बूट फाटला म्हणून तेल येऊन राह्यलं" हे वाक्य ऐकलं की समजावं, बोलणाऱ्यानं रॅक कधी उघडून पाहिलेली नाही. धड रॅकच्या बुटात तेल नसतंच. ते बाहेर येईल कुठून?

आणि हीच खरी परीक्षा आहे. बुटाचा आतला क्लॅम्प सैल करा, कड थोडी मागं सारा. आतून तेल ओघळलं तर सील गेलं, रॅक दोषी. आत कोरडं आणि बाहेर चिकट, तर रॅक निर्दोष, वर शोधा. दोन्ही बूट बघा, कारण काही गाड्यांत दोन्ही बूट हवेच्या नळीनं जोडलेले असतात आणि एका टोकाचं तेल दुसऱ्या टोकाला पोचतं. या तपासणीला पाच मिनिटं लागतात. मी ती केली नव्हती.

एक जागा मात्र खरंच अवघड आहे. स्टिअरिंगचा दांडा रॅकमध्ये उतरतो, तिथं वर एक सील असतं, आणि दाबाच्या पाइपाचं नट त्याच्या अगदी शेजारी बसतं. ते सील गेलं तर दोष रॅकचा, नटाखालची रबरी ओ-रिंग किंवा तांब्याचं वॉशर गेलं तर काम चहाच्या पैशात. ओलं दोन्ही वेळा तिथंच. अशा वेळी सगळं घासून धुवा, वाळू द्या, वर पावडर शिंपडा. इंजिन चालू करून कोणाला तरी स्टिअरिंग दोन्हीकडे वळवायला सांगा, पण टोकाला पाच सेकंदांहून जास्त धरू देऊ नका. पावडर आधी कुठं भिजते ते विजेरीनं, लांबून बघा. चालू इंजिनात पाइपावर हात फिरवायचा नाही. त्या दाबाची बारीक पिचकारी कातडीत घुसते.

पाइपच निघाला तर कंपनीचा घ्या, नाहीतर जेसीबीचे होज दाबून देणाऱ्याकडून दाबाला साजेसा बनवून घ्या. साधी रबरी नळी आणि दोन क्लॅम्प हा उपाय मला बघवत नाही. ती नळी सुटली की तेल गरम सायलेन्सरवर उडतं.

रॅकच निघाली तर माझं मत पक्कं आहे: रॅकचा दांडा आरशासारखा असेल तरच सील किट टाकावी. फाटक्या बुटातून पावसाळाभर पाणी गेलं असेल तर दांड्यावर गंजाचे खड्डे पडतात आणि नवं सील महिन्या-दोन महिन्यांत कापलं जातं. गळती थांबवणारी बाटली तर आणूच नका. ती रबर फुगवते, बरं करत नाही. डब्यात ब्रेक ऑइल ओतणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

घरी बदलायचीच असेल तर गाडी स्टँडवर घ्या, विटांवर नाही. चाकं सरळ करून स्टिअरिंग सीटबेल्टनं बांधून टाका. एअरबॅगची गाडी असेल आणि रॅक काढल्यावर ते मोकळं फिरलं, तर क्लॉक स्प्रिंग, म्हणजे स्टिअरिंगमधून एअरबॅगला वीज पोचवणारी गुंडाळलेली पट्टी, तुटते. टाय रॉड एंड, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणारे टोकाचे सांधे, किती फेऱ्यांत निघाले ते मोजून लिहा. जुनं तेल पूर्ण काढा, झाकणावर लिहिलंय तेच नवं भरा. मग इंजिन बंद ठेवून, पुढची चाकं अधांतरी असताना स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, बुडबुडे थांबेपर्यंत. घाई करून आधीच इंजिन लावलं की पंप रडतो. त्यानंतर चाकांची अलाइनमेंट करायचीच.

माझी जुनी रॅक अजून माळ्यावर आहे. पाइप सापडल्यावर तिचे दोन्ही बूट उघडून पाहिले. आत ठणठणीत कोरडं.