अर्थिंगच्या खड्ड्यातली फाउंड्री
शिरोलीच्या एमआयडीसीत कुठल्याही फाउंड्रीवाल्याला विचारा, ओल्या साच्यात वितळलेल्या धातूचा रस ओतला तर काय होतं, तो सांगता सांगताच दोन पावलं मागं सरकेल. म्हणून मला वाटतं अर्थिंगचं एक्झोथर्मिक वेल्डिंग (जमिनीत पुरलेला रॉड आणि त्याची केबल रासायनिक क्रियेच्या उष्णतेनं जोडणं) कोल्हापूरच्या माणसाला समजावायला सगळ्यात सोपं आहे, नावाला वेल्डिंग म्हणायचं पण काम सगळं ओतकामाचं, खड्ड्यात बसून केलेलं.

ग्राफाइटचा एक मोल्ड असतो, त्याच्या खालच्या भागात केबल आणि रॉडची टोकं बसवायची, वरच्या वाटीच्या बुडाला पातळ लोखंडी चकती ठेवायची आणि तिच्यावर पावडर ओतायची. पावडरीत तांब्याचं ऑक्साइड आणि ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमला ऑक्सिजनची ओढ तांब्यापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळं एकदा पेटलं की ते तांब्याकडचा ऑक्सिजन ओढून घेतं आणि त्यात एवढी उष्णता सुटते की काही सेकंदांत तापमान २००० अंशांच्या वर जातं. तांबं वितळतं १०८५ ला. मग चकती वितळते, रस खाली उतरतो, टोकं त्यात विरघळून एकजीव होतात आणि ॲल्युमिनियमचं ऑक्साइड हलकं असल्यानं मळीसारखं वर राहतं. लाईट नको, गॅस सिलिंडर नको.

कल्पना जुनीच आहे. जर्मनीत हान्स गोल्डश्मिट यांनी १८९५ मध्ये याच तत्त्वाचं पेटंट घेतलं, त्यात लोखंडाचं ऑक्साइड होतं, रूळ अजूनही तसेच जोडतात. तांब्याची आवृत्ती १९३८ ची, अमेरिकेतल्या चार्ल्स कॅडवेल यांची, तीही रेल्वेच्या सिग्नलच्या वायरी रुळाला जोडायलाच.

आता कुणी म्हणेल नटबोल्ट काय वाईट आहे? उघड्यावर दिसणाऱ्या, वर्षाला आवळता येणाऱ्या जॉइंटला ठीक आहे. पण जमिनीखाली, आपल्या पावसात, पंचगंगेच्या पुराचं पाणी जिथं आठवडाभर मुरतं तिथं दोन धातूंच्या फटीत ओल शिरते, तांबं आणि जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) शेजारी असले तर जस्त आधी खाल्लं जातं, आणि बाहेरून काहीच कळत नाही. फॉल्टच्या वेळी, म्हणजे बिघाड होऊन मोठा करंट जमिनीत उतरतो तेव्हा, अशा ढिल्या जॉइंटवरच उष्णता साठते. वेल्ड केलेल्या जॉइंटला फटच नसते.

खरेदीचं बघा. उद्यमनगरात दुकानात जाऊन लोक म्हणतात "दादा, ७० स्क्वेअरचा मोल्ड द्या," म्हणजे ७० चौरस मिलिमीटर केबलचा, आणि चांगला दुकानदार लगेच उलटा विचारतो "रॉड किती एमएम? केबल कसली? जोड टी का सरळ?" हे प्रश्न फार महत्त्वाचे आहेत. मी स्वतः एकदा फसलोय, कागलच्या एका साईटवर. रॉड पाऊण इंची म्हणून आणलेला, म्हणून आम्ही १९ एमएमचा मोल्ड घेतला, आणि तांबं सगळं रॉडच्या कडेनं मातीत उतरलं. नंतर व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला तर रॉड १७.२ भरला! कॉपर बॉण्डेड, म्हणजे लोखंडावर तांबं चढवलेल्या रॉडचं असंच असतं, नाव पाऊण इंच पण खरी जाडी १७.२, आणि पाच-अष्टमांश इंची म्हणतात तो १४.२. केबलचंही तेच, ७० स्क्वेअरची बारीक तारांची फ्लेक्सिबल केबल साध्या केबलपेक्षा जाड भरते, तिला मोल्ड वेगळा लागतो. त्यामुळं आधी माप, मग मोल्ड, आणि पावडर सगळ्यात शेवटी, ती किती ग्रॅमची ते मोल्डवरच लिहिलेलं असतं. ९० लिहिलंय तर ९० च घ्यायची, शक्यतो त्याच कंपनीची. वीस-तीस रुपये वाचवायला लहान पाकीट घातलं तर केबल अर्धी उघडी राहते.

जीआय पट्टी असेल तर आधी घासून जस्त काढा. जस्त ९०७ अंशांनाच उकळतं, म्हणजे तांबं वितळायच्याही आधी त्याची वाफ होते, ती रसात अडकली की जॉइंट जाळीदार. जोडून झाल्यावर घासलेल्या जागेला झिंकचा पेंट द्यायचा.

आणि ओल. पाण्याची वाफ झाली की आकारमान साधारण १७०० पट होतं, त्यामुळं जुलैत गोदामात पडलेला मोल्ड तसाच वापरला तर एकतर रस उसळून बाहेर येतो नाहीतर आत ब्लो होल, म्हणजे वाफेच्या पोकळ्या राहतात. दिवसाचा पहिला जॉइंट करायच्या आधी ब्लो लॅम्पनं मोल्ड तापवून घ्या, केबलही तारेच्या ब्रशनं घासून कोरडी करा. मोल्डला मात्र तारेचा ब्रश लावू नका, मऊच ब्रश, ग्राफाइट झिजलं की फट पडते. नीट वापरला तर एक मोल्ड साधारण ५० जॉइंट देतो, त्यामुळं मोठ्या साईटला जॉइंट मोजूनच ऑर्डर द्यावी.

पेटवताना हातात ग्लोव्हज, डोळ्याला चष्मा, तोंड मोल्डच्या वर न्यायचं नाही. थंड झाल्यावर मळी ठोकून काढा आणि वरच्या तोंडाशी टाचणीची टोकं मावतील एवढी भोकं दिसतायत का, केबल कुठं उघडी दिसतेय का ते बघा. दिसली तर कापून टाकून परत करायचा, माती त्यानंतरच लोटायची.