ज्येष्ठांवर अभ्यास करायचाय? एथिक्स कमिटीचा अर्ज, कागदपत्रं आणि अर्ज अडतो त्या जागा

कळव्याच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयातला पीजी असो, नेरूळ-कामोठ्याकडची फिजिओथेरपीची विद्यार्थिनी असो किंवा घरपोच शुश्रूषा देणारी संस्था, साठीपुढच्या माणसांकडून आरोग्याच्या अभ्यासासाठी माहिती किंवा रक्त घ्यायचं तर एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्यांचं हित जपलं जातंय ना हे तपासणाऱ्या समितीची, लेखी मंजुरी आधी हातात हवी. पन्नास फॉर्म भरून झाल्यावर मागच्या तारखेची मंजुरी कुणी देत नाही, आणि ते पन्नास फॉर्म फुकट जातात. ‘नुसती प्रश्नावली तर आहे’ ही सबब चालत नाही. अभ्यासाला पूर्ण बैठक लागेल, झटपट छाननी पुरेल की सूट मिळेल, हे कमिटी ठरवते, अर्जदार नाही.

अर्ज आपल्याच संस्थेच्या कमिटीकडे करायचा. नोंदणी मात्र पाहून घ्या. औषधाच्या चाचण्या तपासणाऱ्या कमिटीची नोंदणी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे असते. बाकी आरोग्य संशोधनासाठी ती आरोग्य संशोधन विभागाकडे, ‘नैतिक’ पोर्टलवर लागते. नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम, 2019 आल्यापासून हे असंच आहे. संस्थेत कमिटीच नसेल तर दुसऱ्या संस्थेशी लेखी करार करून तिच्या कमिटीकडे जाता येतं. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे कमिटीत 7 ते 15 सदस्य असतात आणि बैठकीला किमान 5 हजर लागतात. कोरम बुडाला की तुमचा विषय पुढच्या बैठकीवर. म्हणून बैठकीची तारीख आणि अर्ज घेण्याची शेवटची तारीख मेंबर सेक्रेटरींच्या कार्यालयातून आधीच विचारून ठेवा.

फाइलमध्ये कव्हर लेटर, आयसीएमआरच्या नमुन्यातला प्राथमिक छाननीचा अर्ज, प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा), प्रश्नावली, माहितीपत्रक, संमतीपत्र, संशोधकांचे सह्या-तारखेसह सीव्ही, खर्चाचा अंदाज, हितसंबंधांचं निवेदन आणि जिथे माहिती गोळा करणार तिथली परवानगी जाते. बहुतेक कमिट्या जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस) प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही मागतात. विद्यार्थ्याच्या अर्जावर गाइडची सही हवीच. प्रत्येक कागदावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका. नाहीतर क्वेरीनंतर, म्हणजे कमिटीने शंका विचारल्यावर, बदललेलं माहितीपत्रक कोणतं आणि मूळ कोणतं, याचा घोळ होतो.

परवानगीत ठाणे-नवी मुंबईकडे नेहमीची एक चूक होते. खारघर आणि कामोठे बोलण्यात नवी मुंबई. कागदावर मात्र पनवेल महानगरपालिका, जिल्हा रायगड. तिथल्या पालिका दवाखान्यासाठी बेलापूरच्या पालिका मुख्यालयातून आणलेलं पत्र निरुपयोगी. पालिकेच्या दवाखान्यांसाठी त्या त्या पालिकेचे वैद्यकीय आरोग्य अधिकारी, शहापूर-मुरबाडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी ठाणे जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी, आणि ठाण्याच्या सिव्हिलसाठी जिल्हा शल्य चिकित्सक. विरंगुळा केंद्रात किंवा ज्येष्ठ नागरिक संघात बसणार असाल तर अध्यक्षांचं पत्र घ्या, पण ते फक्त दारातून आत येण्यापुरतं. प्रत्येक सभासदाची संमती वेगळी.

ज्येष्ठांच्या अभ्यासात अर्ज सगळ्यात जास्त अडतो तो संमतीपाशी. पहिली गोष्ट, वय झालं म्हणून कुणी आपोआप अक्षम ठरत नाही. ऐंशी वर्षांच्या आजींना विषय कळत असेल तर सही त्यांचीच. ‘आईला काय कळतंय, द्या मी करतो सही’ म्हणणाऱ्या मुलाची सही घेतली तर तो फॉर्म बाद. वाचता येत नसेल तर अंगठा आणि सोबत अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षर साक्षीदाराची सही. डिमेन्शियामुळे निर्णय घेता येत नसेल तरच कायदेशीर प्रतिनिधीची संमती, आणि तेव्हाही त्या व्यक्तीने मान फिरवली, हात झटकला तर तो नकार समजायचा. क्षमता कोण आणि कशी तपासणार, हे प्रोटोकॉलमध्ये चार ओळींत लिहा. ते नसेल तर क्वेरी ठरलेली.

माहितीपत्रक मराठीत हवं, पण शासन निर्णयाच्या मराठीत नको. ‘सदर संशोधनात सहभागी होणे ऐच्छिक आहे’ ऐवजी ‘भाग घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवा, नाही म्हटलंत तरी तुमचे उपचार चालूच राहतील’. अक्षर 14 पॉइंटपेक्षा बारीक नको. मराठीतून पुन्हा मूळ भाषेत उलट भाषांतर करून तपासल्याचा कागद जोडा. वाशी-नेरूळमध्ये तमिळ, मल्याळम बोलणारे आजी-आजोबा पुष्कळ. त्यांना घेणार असाल तर त्या भाषेतलं पत्रक द्या, नाहीतर निवडीच्या निकषांत भाषा स्पष्ट लिहा. वाचून दाखवल्यावर ‘आता मला सांगा, आम्ही काय करणार आहोत?’ असं विचारायचं. ‘फुकट तपासणी’ एवढंच उत्तर आलं तर समजावणं झालेलं नाही. आणि चष्मा, कानाचं यंत्र लावलंय ना, ते सुरुवातीलाच बघा.

निकषांत ‘75 वर्षांवरील वगळले’ असं सवयीने लिहू नका. मधुमेह, रक्तदाब, कमी ऐकू येणं, सगळेच वगळले तर उरतात ते धडधाकट आजोबा, आणि निष्कर्ष ज्यांच्या कामी यायचे तेच बाहेर. वगळायचं तर कारण द्या.

प्रश्नावलीचे हक्क पाहा. स्मरण आणि आकलन तपासणाऱ्या एमएमएसई चाचणीला हक्कधारकांची परवानगी लागते. ज्येष्ठांमधलं नैराश्य मोजणारी जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल खुली आहे. पण तिच्या 15 प्रश्नांच्या आवृत्तीत कुणाला 5 किंवा जास्त गुण आले तर पुढे काय, हे लिहिलेलं हवं: कोणत्या ओपीडीला पाठवणार, कोण फोन करणार. घरात मारहाण किंवा उपासमार होत असल्याचं बोलण्यात आलं तर काय करणार, तेही. 14567 ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आणि 14416 ही मानसिक आरोग्याची टेलिमानस, दोन्ही माहितीपत्रकात छापा. आधार क्रमांक मात्र मागू नका. वयाची खात्री करायला कार्ड पाहून परत देणं पुरतं.

व्यायाम, पडू नये म्हणून प्रशिक्षण, आहार-सल्ला असं काही करून परिणाम मोजणार असाल तर सीटीआरआयवर (क्लिनिकल चाचण्यांची भारतातली नोंदवही) नोंदणी करा. ती मोफत आहे. औषध नाही म्हणून लागत नाही, हा फिजिओथेरपीवाल्यांचा ठरलेला गैरसमज. 1 एप्रिल 2018 पासून पहिला सहभागी घेण्याआधीचीच नोंदणी स्वीकारली जाते. चुकलं तर पुढे चांगली जर्नल्स लेख परत पाठवतात.

मंजुरीपत्रावर मुदत असते, सहसा एक वर्षाची. संपण्याआधी प्रगती अहवालासह नूतनीकरण मागा. मध्येच केंद्र बदललं, प्रश्न वाढवले किंवा पावसाळ्यात माणसं येईनात म्हणून फोनवर मुलाखती घ्यायचं ठरवलं, तर आधी सुधारणेचा अर्ज; मंजुरी येईपर्यंत फोन उचलायचा नाही.