जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज: पेट्रोल नेमकं कुठं जातं?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"पूर्वी अठरा द्यायची, आता चौदावर आली." दहा-बारा वर्षं वापरलेल्या गाडीबरोबर ही तक्रार हमखास येते. बरेच जण उत्तरही मनाशी ठरवून येतात: इंजिन गेलं, आता काम काढावं लागणार. इंजिनाची झीज होते हे खरंच आहे. पण कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासलं तर अनेकदा इंजिन ठणठणीत निघतं, आणि पेट्रोल एखाद्या किरकोळ पार्टमुळे वाया जात असतं. म्हणून आमचं आग्रहाचं सांगणं आहे की इंजिन खोलायचा विचार सगळ्यात शेवटी करा. त्याआधी काय बघायचं, ते इथे लिहिलं आहे. यातलं बरंचसं तुम्ही घरीच तपासू शकता.

आधी आकडा पक्का करा

पाचशेचं पेट्रोल टाकून, काट्याच्या अंदाजाने काढलेलं अ‍ॅव्हरेज धरून चालत नाही. टाकी फुल करा. नोझल स्वतःहून बंद झालं की थांबा, वरून आणखी भरू नका. ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि नेहमीसारखी गाडी चालवा. निम्म्याहून जास्त टाकी संपली की शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तशीच फुल करा. समजा, गाडी ४१२ किलोमीटर चालली आणि २७.५ लिटर बसलं, तर अ‍ॅव्हरेज जवळपास १५. असं दोन-तीन वेळा केलं की आकड्यावर भरवसा ठेवता येतो.

मूळच्यापेक्षा मोठ्या मापाचे टायर बसवले असतील तर आधी सांगा. अशा गाडीचं मीटर प्रत्यक्षापेक्षा कमी किलोमीटर दाखवतं, त्यामुळे अ‍ॅव्हरेज कागदावर आणखी पडलेलं दिसतं.

इंजिन पुरतं गरम होतं का?

याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंजिन आणि रेडिएटरच्या मध्ये थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह असतो. इंजिन गार असताना तो बंद राहतो, म्हणजे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तो उघडतो. उन्हाळ्यात घाट चढताना गाडी तापली की "हा व्हॉल्व्ह काढून टाका, पुन्हा तापणार नाही" असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि कित्येक जुन्या गाड्यांत तो खरोखरच काढलेला असतो. गाडी तापायची थांबते, पण खरं दुखणं तसंच राहतं: रेडिएटर चोक झालेला असतो, फॅन वेळेवर सुरू होत नसतो, किंवा कूलंटऐवजी नळाचं पाणी भरून आत क्षार साचलेले असतात.

व्हॉल्व्ह नसला, किंवा उघडाच अडकला, की इंजिन कायम अर्धवट गार चालतं. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती फवारायचं हे कॉम्प्युटर ठरवतो, आणि तो तापमानाच्या सेन्सरवर विसंबून असतो. इंजिन अजून गार आहे असं कळलं की तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. गार इंजिनात सगळं पेट्रोल नीट जळत नाही. थोडं पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ करतं. म्हणजे अ‍ॅव्हरेजही जातं आणि झीजही वाढते.

ओळखायचं कसं? हायवेवर वेगात असताना तापमानाचा काटा मधल्या खुणेपर्यंत येत नसेल, किंवा येऊन पुन्हा खाली उतरत असेल, तर संशय घ्या. काही गाड्यांत काट्याऐवजी इंजिन गार असल्याचा निळा दिवा असतो, तो बराच वेळ विझत नसेल तरीही संशय घ्या. घरच्या घरीही बघता येतं. सकाळी गार गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपला बाहेरून हात लावत राहा. बहुतेक छोट्या गाड्यांत तो काही मिनिटं गार राहून मग एकदम गरम व्हायला हवा. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर व्हॉल्व्ह नाही किंवा अडकला आहे. फॅन अचानक फिरू लागतो, त्यापासून हात लांब ठेवा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

पीयूसीची चिठ्ठी फेकू नका

पीयूसी, म्हणजे धुराची तपासणी, पास झाली की चिठ्ठी घडी घालून ठेवून देतात. पेट्रोल गाडीच्या चिठ्ठीवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे असतात. बीएस-४ (प्रदूषणाच्या आधीच्या टप्प्याच्या नियमांतल्या) गाडीला त्यांची मर्यादा ०.३ टक्के आणि २०० पीपीएम आहे. गाडी पास झाली, पण कार्बन मोनॉक्साइड दर वेळी वाढत चाललं असेल, तर पेट्रोल जास्त जातंय. मग बहुधा ऑक्सिजन सेन्सर मंदावलेला असतो किंवा इंजेक्टर गळत असतो. हायड्रोकार्बन एकटंच वाढलं असेल तर आम्ही आधी ठिणगी पाडणारे प्लग आणि त्यांची कॉइल बघतो. काढलेला प्लग फिकट तपकिरी असेल तर ठीक. त्यावर कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे.

एअर फिल्टरबद्दल एक गैरसमज आहे. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे कॉम्प्युटरशिवाय पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या गाडीत घाण फिल्टरने अ‍ॅव्हरेज चांगलंच पडतं. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली की पेट्रोलही त्या प्रमाणात कमी सोडलं जातं, त्यामुळे फटका मुख्यतः पिकअपला बसतो. फिल्टर वेळेवर बदला, पण तेवढ्याने अ‍ॅव्हरेज परत येईल असं आम्ही सांगणार नाही.

चाकं मोकळी फिरतात का?

साताऱ्याच्या पावसात कॅलिपरच्या (ब्रेकची डिस्क पकडणाऱ्या भागाच्या) पिना गंजतात आणि ब्रेक थोडा धरून राहतो. सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक सोडा. छोटी गाडी एका माणसाने ढकलली तर सहज सरकली पाहिजे. थोडं लांब जाऊन आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, पण डिस्कला लावू नका. एकच चाक जास्त तापलेलं असेल तर ब्रेक तिथेच धरतो आहे.

हवा गाडी गार असताना भरा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आहे तेवढी. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही.

ई-२० चा वाटा वेगळा काढा

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकी गाड्यांसाठी अ‍ॅव्हरेजमध्ये ६ ते ७ टक्के घट धरली आहे. म्हणजे १५ देणारी गाडी १४ वर येणार. एवढी घट कुठल्याही गॅरेजला भरून काढता येत नाही, आणि कुणी तसं सांगत असेल तर पैसे देऊ नका. जुन्या गाडीचे रबरी फ्युएल पाइप आणि सील मात्र जरूर तपासून घ्या. तिथे गळती झाली तर आगीचा धोका असतो.

घाटात न्यूट्रल नको

पसरणी किंवा केळघरचा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे अजून भेटतात. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर जवळजवळ बंद होतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतच राहतं, आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. उतारावर गाडी गिअरमध्येच हवी. गाडी कार्ब्युरेटरची असली तरीही, ब्रेकच्या काळजीने.

पेट्रोल पाइपला लावायची चुंबकं आणि टाकीत ओतायच्या 'अ‍ॅव्हरेज वाढवणाऱ्या' बाटल्या आम्ही ठेवत नाही. धूर लपवायला जाड ऑइलही घालत नाही. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घालतो.

तपासणीला येताना

गाडी शक्यतो आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, म्हणजे सकाळी इंजिन पूर्ण गार असताना तपासता येतं. मागच्या दोन-तीन पीयूसी चिठ्ठ्या आणि फुल टाकीचे लिहिलेले आकडे सोबत द्या. काय सापडलं ते आधी फोन करून सांगू, काढलेला पार्ट तुमच्या हातात देऊ, आणि तुमच्या होकाराशिवाय काहीही बदलणार नाही.