एलेनॉर रूझवेल्ट थिओडोरची बायको नव्हे, पुतणी!

परत तेच. एलेनॉर रूझवेल्टचा फोटो आणि खाली ओळ, 'थिओडोर रूझवेल्ट यांच्या पत्नी'. लोक बिनधास्त शेअर करतात, दुरुस्त कुणीच करत नाही, आणि माझं डोकं फिरतं. अमेरिकेचा प्रेसिडेंट थिओडोर, त्याची बायको एडिथ, १९०१ ते १९०९ व्हाइट हाउसमध्ये. एलेनॉर नंतरचा प्रेसिडेंट फ्रँकलिन रूझवेल्ट याची बायको, १९३३ ते १९४५. एलेनॉर बहुतेकांना माहीत असते, महामंदी, महायुद्ध, नंतर युनोत मानवी हक्कांचा जाहीरनामा, त्यामुळे ते परत सांगत बसत नाही.

खरी गोची नात्यात आहे. एलेनॉर लग्नाआधीही रूझवेल्टच होती, माहेर-सासर दोन्हीकडे आडनाव एकच! तिचे वडील एलियट म्हणजे थिओडोरचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे ती थिओडोरची सख्खी पुतणी आणि एडिथ तिची काकू. आई १८९२ला गेली, वडील १८९४ला, तेव्हा पोरगी दहा वर्षांचीही नव्हती. म्हणून १७ मार्च १९०५ला न्यूयॉर्कला तिचं लग्न झालं तेव्हा वडिलांच्या जागी काका उभा राहिला आणि काका तेव्हा प्रेसिडेंट, सेंट पॅट्रिक डे या आयरिश सणाच्या परेडसाठी त्याच दिवशी शहरात आलेला, त्यामुळे लग्न लागल्याबरोबर पाहुणे नवरानवरीला सोडून त्याच्याच भोवती गोळा झाले. नवरा फ्रँकलिनही रूझवेल्ट, पण लांबच्या भाऊबंदांतला, मूळपुरुष कितीतरी पिढ्या मागचा. थिओडोरचं घराणं न्यूयॉर्क राज्यातल्या ऑयस्टर बेचं, रिपब्लिकन. फ्रँकलिनचं त्याच राज्यातल्या हाइड पार्कचं, डेमोक्रॅट. एवढं डोक्यात बसलं की पुढचा घोळ होतच नाही.

आणि हा घोळ आजचा नाही बरं का. १९३२ला फ्रँकलिन प्रेसिडेंटपदासाठी उभा राहिला तेव्हा तो एडिथचा मुलगा समजून लोकांनी तिलाच अभिनंदनाची पत्रं पाठवली! बाई इतकी वैतागली की सत्तरी उलटलेली असताना न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या सभेत जाऊन त्याचा रिपब्लिकन प्रतिस्पर्धी हूवर याच्या बाजूने उभी राहिली, म्हणजे सख्ख्या पुतणीच्या नवऱ्याच्या विरोधात.

एडिथ थिओडोरची दुसरी बायको, हेही लोक विसरतात. पहिली अ‍ॅलिस, ती १४ फेब्रुवारी १८८४ला गेली, त्याच दिवशी त्याच घरात थिओडोरची आईही गेली. एडिथ त्याची बालपणची मैत्रीण, लग्न १८८६ला लंडनमध्ये.

मला सगळ्यात राग येतो तो 'एडिथ काय, नुसती घर सांभाळणारी' या वाक्याचा. एलेनॉर मोठीच, माझ्या मते त्या घरात तिच्या तोडीचं कुणी झालं नाही, पण म्हणून काकूला कमी लेखायचं कारण नाही. तोवर व्हाइट हाउसमध्ये प्रेसिडेंटचं ऑफिस आणि बायकामुलांच्या खोल्या एकाच मजल्यावर, लोकांची सतत ये-जा, आणि हिच्या घरात सहा मुलं. १९०२च्या दुरुस्तीत ऑफिस वेगळ्या इमारतीत गेलं, तीच पुढची वेस्ट विंग, आणि त्या कामात एडिथने जातीने लक्ष घातलं. बेल हॅगनर ही सरकारी पगारावरची पहिली सोशल सेक्रेटरी तिनेच आणली. पत्रं, आमंत्रणं, पेपरवाल्यांना कुठला फोटो द्यायचा, सगळं बेलच्या टेबलावरून जायचं. फर्स्ट लेडीच्या हाताखाली आज जो स्टाफ दिसतो ना, त्याची सुरुवात त्या टेबलापासून झाली.