सीमाभागातल्या शाहिरीची पार्श्वभूमी

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली गाणी मुंबई-पुण्यात १ मे १९६० नंतर आठवणींच्या कार्यक्रमांत गेली. कर्नाटकात राहिलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी पट्ट्यात मात्र ती आजही महाराष्ट्रात येण्याची मागणी म्हणून म्हटली जातात. सीमाभागातल्या शाहिरीकडे पाहताना हा फरक आधी ध्यानात घ्यायला हवा, कारण इथली पुढची गाणी, सभा, देखावे आणि संमेलने त्याच्याशी बांधलेली आहेत.

मागचा काळ थोडक्यात सांगतो. या जिल्ह्यातल्या कलेने भाषेची हद्द कधी मानली नव्हती. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे नाटककार गुर्लहोसूरचे, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातलेच. १८८० साली पुण्यात त्यांचे शाकुंतल रंगभूमीवर आले तेव्हा त्यातल्या काही पदांना कानडी चाली होत्या. सुळेभावीच्या कन्नड घरात १९२४ साली जन्मलेला मुलगा पुढे माळव्यात राहून कबीर गाऊ लागला आणि मराठी श्रोत्यांनी त्याला डोक्यावर घेतले. खानापूर तालुक्यातल्या नंदगडला १८३१ मध्ये संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिले, त्याच्या लावण्या कन्नडमध्ये आहेत. गी-गी पदे या कन्नड लोकगायनाच्या फडात डफ आणि तुणतुणे असते, आपल्या शाहिराच्या फडातही तेच. पुढे ज्या गावांवरून भांडण पेटले त्यांत नंदगडही आहे, हे विसरून चालणार नाही.

१९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि त्यानंतर हा विषय शाहिरांच्या हाती आला. मुंबईच्या गिरणगावातल्या लाल बावट्याच्या कलापथकाने तो चाळीचाळींत नेला. वाटेगावहून आई-बापांबरोबर पायी मुंबई गाठलेल्या शाहिराची एक छक्कड सगळ्यांना माहीत आहे. पोटासाठी मुंबईला आलेला गडी, गावाकडे राहिलेली मैना आणि शेवटी तिच्यासारखाच ताटातूट झालेला मुलूख. त्यात बेळगाव आणि कारवारची नावे येतात. घर सोडून आलेल्या मजुराचे दुःख आणि तुटलेल्या प्रदेशाचे दुःख त्याने एका दमात गायले. ती छक्कड सीमाभागाला आपली वाटते, पण इथल्या माणसाची गत थोडी वेगळी आहे. तो कुठेच गेला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याच्या दारातले राज्य बदलले, मुंबई राज्य जाऊन म्हैसूर (आजचे कर्नाटक) आले. त्याआधी १७ जानेवारीला बेळगावात गोळीबार होऊन हुतात्मे झाले होते.

त्याच वर्षांत या भागाने खरोखर परागंदा झालेली माणसेही पाहिली. पोर्तुगीज राजवटीने पिटाळलेले गोव्याचे कार्यकर्ते बेळगावच्या आश्रयाला होते. नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या जंगलातून एक तरुण आणि एक तरुणी ट्रकवर बसवलेल्या यंत्रावरून कोकणी आणि पोर्तुगीजमध्ये गोव्यासाठी प्रसारण करत राहिले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा त्याच दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर ती बातमी गोव्याला ऐकवली. त्यांची हद्दपारी संपली. मुंबईचे गाणे १९६० ला पुरे झाले, गोव्याचे १९६१ ला. बेळगावचे मध्येच राहिले.

ते कसे राहिले हे समजायचे तर सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगापाशी थांबावे लागते. आयोग महाराष्ट्राने मागितला होता. त्यासाठी १९६६ साली वयोवृद्ध सेनापती बापटांनी उपोषणही केले. केंद्राने त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या माजी सरन्यायाधीशांचा एकसदस्यीय आयोग नेमला आणि ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगड यांच्यासह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच राहावे, आणि अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूरकडची गावे म्हैसूरला जावीत, असा त्याचा निष्कर्ष होता. महाराष्ट्राने अहवाल पूर्ण नाकारला, म्हैसूरने पूर्ण स्वीकारला. मिळत होते तेवढे घ्यायला हवे होते का, हा प्रश्न निपाणी-खानापूरकडे अजून निघतो, आणि तो विचारणाऱ्याला फितूर ठरवण्याची घाई कोणी करू नये. त्या गावांचा निकाल तेव्हाच लागला असता.

तरीही माझ्या मते नकार समजण्यासारखा होता. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार कसोट्या महाराष्ट्र मांडत होता. या कसोट्या आयोगाने सगळीकडे सारख्या लावल्या नाहीत, अशी महाराष्ट्राची तक्रार होती, आणि मराठी बहुसंख्या असलेले शहर त्याने बाजूला काढले. दुसरे कारण मला तितकेच मोठे वाटते, जरी कायद्याच्या चर्चेत ते येत नाही. तोवर दहा वर्षे एक घोषणा तोंडातोंडी झाली होती: बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. ती डफाच्या ठेक्यावर बसते, पोराटोरांना पाठ असते. अहवालाने तिच्यातले पहिलेच नाव काढून घेतले. निपाणी आली आणि बेळगाव गेले, अशी घोषणा कोणत्या तोंडाने द्यायची? शाहिरी यादी करते, आणि एकदा म्हटलेले नाव यादीतून गाळणे म्हणजे त्या गावाला सोडून देणे. राजकारण्यांना तडजोड सुचली असती तरी ती सभेत म्हणून दाखवणे अवघड होते. या यादीत कारवारचेही कोडे आहे. तिथली बोली कोकणी. ती मराठीच्या खात्यात धरायची की नाही, यावर तेव्हाही एकमत नव्हते आणि घोषणेने ते झाकले.

अहवालानंतर लढ्याचे पंचांग ठरत गेले. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन, १ नोव्हेंबरला काळा दिन. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात जूनमध्ये पुन्हा गोळीबार झाला. मुंबईहून आलेला एक नेता तेव्हा वेषांतर करून शहरात शिरला होता. त्या गोळीबारातल्या हुतात्म्यांचे स्मारक बेळगावजवळ हिंडलग्याला आहे आणि १ जूनला लोक तिथे जमतात. काळ्या दिनी शहरात दोन आवाज असतात. संभाजी उद्यानातून काळे झेंडे घेतलेली निषेध फेरी घोषणा देत मराठा मंदिरापर्यंत येते आणि राणी चन्नम्मा चौकात लाल-पिवळ्या झेंड्यांखाली राज्योत्सवाचा, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाचा, डीजे लागलेला असतो. घोषणेत फक्त माणसांचे गळे असतात.

वर्षातला सगळ्यात मोठा रंगमंच मात्र शिवजयंतीचा. बेळगाव ती वैशाखात, परंपरेच्या तिथीला करते, आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गडाचा पुठ्ठ्याचा बुरूज, मागे जनरेटर, वर गल्लीतली पोरे मावळ्यांच्या वेषात. मिरवणूक थांबली की दिवे लागतात, ध्वनिमुद्रित संवाद सुरू होतात आणि पोरे ओठ हलवत प्रसंग करून दाखवतात. मध्ये पोवाड्याचे कडवे येते. सीमाप्रश्न बाजूला ठेवून मला तरी हा देखावा पाहता येत नाही. कार्यालयांतून, पाट्यांवरून, सातबाऱ्यावरून मराठी हटत असताना भर रस्त्यात रात्रभर मराठी ऐकू येते ती इथे.

गावोगावच्या साहित्य संमेलनांचेही तेच आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी अशा शेतकरी गावांत ग्रंथदिंडी निघते, लेझीम असते, भजनी मंडळ पुढे चालते. कविसंमेलनात शेती, पाऊस आणि सीमाप्रश्न एकामागोमाग येतात. परवानगीवरून आणि पाहुण्यांच्या येण्यावरून अडवणूक अलीकडे वाढली आहे, आणि त्याचा राग रास्त आहे.

महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. बेळगावात २०१२ मध्ये विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इमारत, उभा राहिला, २०१४ मध्ये शहराचे नाव बदलले, डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांसाठी पुन्हा ठराव केला. दावा अजून उभा आहे, आणि गावच्या संमेलनांत सीमाभाग महाराष्ट्रात सामील करावा हा ठराव अजूनही मांडला जातो.