लाइन मोठी घेतली तरी साइट हळू का उघडते?

सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रात इंटरनेटच्या केबल तुटल्या, तेव्हा मायक्रोसॉफ्टने अझूर ही त्यांची क्लाउड सेवा वापरणाऱ्या ग्राहकांना कळवलं की डेटा दुसऱ्या वाटेने वळवलाय, पोचेल, पण लॅटन्सी, म्हणजे डेटा पोचायला लागणारा वेळ, वाढेल. आमच्या फॅमिली ग्रुपवर लगेच सुरू, "नेटचा स्पीड कमी झालाय म्हणे". तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं, कारण स्पीड आणि लॅटन्सी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण पैसे मोजतो एकीसाठी, त्रास मात्र बऱ्याचदा दुसरीचा असतो.

समजा पुण्याहून नागपूरला वऱ्हाड न्यायचंय. एक बस केली तर पन्नास माणसं जातील, दहा केल्या तर पाचशे. पण पहिला माणूस मांडवात किती वाजता पोचणार? एक बस असो नाहीतर दहा, तेवढ्याच तासांनी. प्लानवर लिहिलेले एमबीपीएस म्हणजे बसगाड्या, आणि लॅटन्सी म्हणजे तो प्रवास.

आणि या प्रवासाला निसर्गाचीच मर्यादा आहे. प्रकाश पोकळीत सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो हे शाळेत शिकलोय, पण फायबरच्या काचेत तो साधारण २ लाखांवर येतो. मुंबईपासून अमेरिकेतलं व्हर्जिनिया, जिथे प्रचंड डेटा सेंटर आहेत, सरळ रेषेत जवळपास १३,००० किलोमीटर. म्हणजे जायला ६५ मिलिसेकंद, यायला ६५. प्रत्यक्षात केबल सरळ जात नाही, समुद्रातून वळसे घेत जाते, मध्ये राउटर असतात, त्यामुळे जाऊन-येऊन एक फेरी २०० मिलिसेकंदाच्या आसपास पडते. "नेट बूस्टर" नावाची जी ॲप मिळतात किंवा राउटरला चिकटवायचे स्टिकर विकतात, त्यांनी यातला एक मिलिसेकंदही कमी होत नाही, प्रकाशाचा वेग कुठलं ॲप वाढवणार? कृपा करून असल्या गोष्टींवर पैसे घालवू नका.

२०० मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, कळणार पण नाही असं वाटेल. पण एक पान उघडायला एक फेरी पुरत नाही. आधी टीसीपीचं, म्हणजे दोन कॉम्प्युटरांनी डेटा देण्याघेण्याच्या पद्धतीचं, बोलणं होतं, "आहेस का?" "आहे, तू ऐकतोयस ना?" "ऐकतोय", यात एक फेरी गेली. मग ते कुलूपवालं एचटीटीपीएस, त्याच्या किल्ल्या ठरवायची पद्धत म्हणजे टीएलएस, तिच्या जुन्या १.२ आवृत्तीत आणखी दोन फेऱ्या. मग कुठे आपण म्हणणार "पान दे", ती चौथी. ८०० मिलिसेकंद गेले आणि स्क्रीन अजून पांढरी.

आता खरी गंमत, आणि ही मला सगळ्यात आवडते. पान द्यायला सुरुवात झाली तरी सर्व्हर सगळं एकदम देतच नाही! त्याला माहीतच नसतं की मधला रस्ता किती भार सोसेल. गावात नवीन आलेल्या माणसाला किराणा दुकानदार जशी उधारी देतो तसं ते चालतं, पहिल्यांदा दहा रुपयांची, फेडलीस? मग वीसची, तीही फेडलीस? चाळीसची. सर्व्हर पहिल्या खेपेला साधारण १० पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, सोडतो, प्रत्येकात १४६० बाइट, म्हणजे जेमतेम १४ केबी. "मिळाली" अशी पोच आली की २०, मग ४०, ८०, १६०, ३२०. पाकीट हरवलं की उधारी खाडकन कमी. याला स्लो स्टार्ट म्हणतात.

१ एमबीचा फोटो घ्या. म्हणजे ६८५ पाकिटं. वरची बेरीज केली तर सहा खेपांत ६३० होतात, म्हणजे सातवी लागणारच. सात फेऱ्या गुणिले २०० म्हणजे १.४ सेकंद. आणि तोच १ एमबी १०० एमबीपीएसच्या लाइनमधून नुसता वाहायला किती वेळ लागतो? ०.०८ सेकंद. तुम्ही ३०० चा प्लान घेतला तर ०.०८ चे ०.०२७ होतील, पण १.४ सेकंद जवळपास तसाच राहणार. मोठ्या फाइलला, सिनेमा डाउनलोडला मोठी लाइन नक्की उपयोगी पडते, कारण तिथे उधारी वाढायला वेळ मिळतो, पण वेबपानं म्हणजे बारीकसारीक तुकडेच जास्त, उधारी वाढेपर्यंत काम संपलेलं असतं.

मग हे स्लो स्टार्ट काढूनच का टाकत नाहीत? कारण ते नव्हतं तेव्हा काय झालं ते माहितीये. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ, अंतर फक्त ४०० यार्ड, त्यांच्यामधला डेटा सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आला, हजार नाही, नुसते चाळीस. पाकिटं अडकली की प्रत्येक मशीन तीच पुन्हा पाठवायचं, त्याने गर्दी वाढायची, मग अजून पुन्हा. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कारेल्स यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला, स्लो स्टार्ट त्यातलाच. आजचं इंटरनेट कोसळत नाही यात या शहाणपणाचा मोठा वाटा आहे.

म्हणून इलाज दोनच, फेऱ्या कमी करा नाहीतर फेरी लहान करा. २०१८ च्या टीएलएस १.३ ने किल्ल्यांचं बोलणं एका फेरीत आणलं. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विकने, म्हणजे टीसीपीऐवजी वापरायच्या नव्या पद्धतीने, ओळख आणि किल्ल्या दोन्ही एकाच फेरीत उरकल्या, शिवाय एक पाकीट हरवलं म्हणून बाकीच्या फायली त्यात खोळंबत नाहीत. आणि फेरी लहान करायची म्हणजे सीडीएन, फोटोची प्रत मुंबईतल्याच सर्व्हरवर ठेवायची. पुण्यातून फेरी १० मिलिसेकंदाची धरली तर त्याच सात फेऱ्या ७० मिलिसेकंदात होतात. म्हणजे वीसपट फरक, आणि प्लान तोच!

मराठी साइट बनवणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे वेबवर अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना मात्रा हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. रोमन लिपीत कोल्हापूर ८ बाइटांत बसतं, देवनागरीत २७. म्हणजे पहिल्या १४ केबीच्या खेपेत आपली पावणेपाच हजार चिन्हं मावतात, तीही एचटीएमएलचे टॅग सोडून. त्यामुळे सर्व्हरवर जीझिप किंवा ब्रॉटली, म्हणजे मजकूर दाबून लहान करायची सोय, चालू आहे ना ते आधी बघा, देवनागरीत तेच तेच बाइट परत परत येतात, त्यामुळे मजकूर छान दाबला जातो. दुसरं म्हणजे फॉन्ट. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट वजनाला जड होतो, आणि ब्राउझरला त्याचा पत्ता लागतो सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारी फाइल, आल्यावर, म्हणजे आणखी फेऱ्या, आणि तोपर्यंत लेख आलेला असूनही वाचणाऱ्याला कोरं पान दिसत राहतं. सीएसएसमध्ये "फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप" ही एक ओळ टाकली की ब्राउझर मोबाइलमधल्याच फॉन्टात मजकूर लगेच दाखवतो आणि आपला फॉन्ट आला की मागाहून बदलतो.