अंगणातलं हाडूक आणि घरचा कुत्रा

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात अंगण झाडायला घ्या, कुठे ना कुठे हाडूक सापडणारच. आदल्या दिवशी गल्लीभर सावजी मटण शिजलेलं असतं. उरलेली हाडं कावळे उचलतात, मांजरं ओढतात, मोकाट कुत्री फाटकापाशी टाकून जातात. तुम्ही माळकरी असलात तरी सुटका नाही. आणि घरच्या कुत्र्याला ते हाडूक तुमच्याआधी सापडतं.

‘कुत्र्याचं खाणंच ते, खाऊ द्या’ असं सांगणारे एक काका प्रत्येक गल्लीत असतात. त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. लांडगे हाडं फोडतात, पण ती कच्ची. अंगणात येणारं हाडूक बहुतेक वेळा कुणाच्या तरी कुकरातून आलेलं असतं, आणि फरक तिथेच पडतो.

हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजांचा, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचा. उरलेल्यात मोठा वाटा कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचा. खनिजामुळे हाड कडक होतं, कोलॅजनमुळे चिवट. खात्री करायची तर कोंबडीचं बारीक हाडूक काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. आम्ल खनिज विरघळवतं आणि हाडूक चक्क वाकू लागतं. शिजवताना याच्या उलट घडतं. उष्णतेनं कोलॅजनची वीण उसवते, ते जिलेटिन होऊन रश्श्यात उतरतं. पायाचं सूप फ्रिजमध्ये थिजतं ते यामुळेच. सूप जितकं झकास थिजेल, तितकं मागे उरलेलं हाड ठिसूळ! तंदुरी कोंबडीत तर हाडातलं पाणीही आटलेलं असतं. असं हाड दाढेखाली चेचलं न जाता तडकतं. कोंबडीच्या तंगडीचं हाड पातळ भिंतीचं, त्यामुळे त्याच्या लांब टोकदार कपच्या निघतात.

कुत्र्याच्या जठरातलं आम्ल चांगलंच तीव्र असतं. व्हिनेगरचा प्रयोग तिथेही चालतो, लहान तुकडे हळूहळू मऊ पडतात. म्हणून पुष्कळदा काहीच बिघडत नाही आणि काकांचा विश्वास वाढतो. पण हाड आधी जठरापर्यंत पोचायला हवं ना! अन्ननलिका छातीत शिरते तिथे, हृदयाच्या तळापाशी आणि श्वासपटलाच्या अलीकडे फारशी ताणली जात नाही. मणक्याचा ओबडधोबड तुकडा तिथे रुतला की नलिकेच्या भिंतीचा रक्तपुरवठा दबतो आणि भोक पडू शकतं. कुत्रा लाळ गाळतो, पुन्हापुन्हा आवंढे गिळतो, मान ताणतो, खाल्लेलं लगेच बाहेर टाकतो. अशा वेळी भात-केळं कोंबू नये. ते वरच अडकतं, श्वासनलिकेतही जाऊ शकतं. मीठपाणी पाजून उलटी करवणं त्याहून वाईट. कपची येताना पुन्हा ओरखडत येते आणि मिठाची विषबाधा होते ती वेगळीच.

पुढे आतड्यात हाडाचा भुगा साचला तर पांढरट कोरडी शी होते, कुत्रा कुंथत बसतो. मटणातली आडवी कापलेली हाडाची नळी खालच्या जबड्यावर चढून सुळ्यांमागे अडकते, तेव्हा घाबरलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका. आणि हाड फारच टणक असेल तर हाडाऐवजी वरची मोठी दाढच फुटते.

कुत्र्याच्या तोंडात हाडूक दिसलं की आपण ओरडत धावतो. त्यालाही ते हिसकावलं जाणार हे कळतं, मग तो न चावताच गिळून टाकतो. त्यापेक्षा पनीरचा तुकडा नाकासमोर धरा, अदलाबदल करा. ‘सोड’ हा शब्द लहानपणापासून शिकवलेला असेल तर सोन्याहून पिवळं. गिळलंच, तर किती वाजता, कसलं, केवढं हे लक्षात ठेवून पशुवैद्याला फोन करा. उरलेला तुकडा सोबत न्या. हाडात कॅल्शियम असल्यामुळे ते एक्स-रेमध्ये बहुधा दिसतं. अन्ननलिकेत अडकलेलं हाड वेळेत गेलात तर बऱ्याचदा दुर्बिणीनं काढता येतं. उलट्या, रक्त, फुगलेलं पोट किंवा खाणं बंद, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

बागवाल्यांसाठी आणखी एक. गुलाबाच्या कुंडीत किंवा संत्र्याच्या आळ्यात घालतो ते बोनमील म्हणजे हाडांचाच चुरा. वासावर कुत्रा माती उकरतो आणि बकाबका खातो. पोटात त्याचा घट्ट गोळा बनून अडकू शकतो. ते मातीत खोल मिसळा आणि पिशवी उंचावर ठेवा. स्वतःच्या घरची हाडं कचरागाडी येईपर्यंत पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवली, तर वास सुटत नाही आणि शेजाऱ्याच्या अंगणातही पोचत नाहीत.